घेऊ, पण चांगलं घेऊ

“घ्यायचंच आहे. पण एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं.” हे वाक्य ज्या घरात वरचेवर ऐकू येतं, त्या घरात ती वस्तू अजून आलेली नाही असं खुशाल समजावं. मग तो मिक्सर असो, गादी असो, नाहीतर पाण्याचा फिल्टर. वाक्य म्हणणारा माणूस कंजूष नसतो, आळशी तर मुळीच नसतो. त्या वस्तूपायी त्याच्याइतके कष्ट दुकानदारानेही उपसलेले नसतात. तो फक्त अजून बघतोय.

आमचे दाजी कॅमेरा बघतायत. दागिन्यांचे फोटो काढायचा कॅमेरा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात हयात गेली. दुसऱ्याच्या वहीतल्या चुका काढण्याचा पगार मिळायचा, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आधी संशयित आणि मग गोष्ट, असा स्वभाव होऊन बसला. ताई नथी करते. सुरुवात हौसेने झाली. नणंदेच्या मुलीच्या लग्नात स्वतः वळलेली नथ घालून गेली, मांडवातच दोघीतिघींनी विचारलं, आणि बघता बघता रविवार पेठेतून मोत्यांच्या लडी घरी यायला लागल्या. आता नथींबरोबर ठुशा, चिंचपेट्या, तन्मणी, बुगड्या आणि नाक न टोचलेल्यांसाठी प्रेसच्या नथी. कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर जेवायची पद्धत कधीच बंद पडली आहे. आमटीच्या वाटीत एडी खडा सापडला तर कुणी दचकत नाही, धुऊन डबीत टाकतात.

विकायचं म्हणजे फोटो आले. आणि फोटो म्हटल्यावर दाजी आले.

“फोटो मी काढतो,” असं दाजी म्हणाले नाहीत. “आधी इक्विपमेंट ठरवू,” म्हणाले.

मग लॅपटॉपवर तक्ता सुरू झाला. फोकल लेंग्थ, मॅग्निफिकेशन, वर्किंग डिस्टन्स, वजन, किंमत, सणातली किंमत आणि तक्रारी असे रकाने. त्यातला ‘तक्रारी’ सगळ्यांत रुंद. वस्तूला पाच तारे देणाऱ्यांचं दाजी वाचतच नाहीत. “ते नातेवाईक असतात,” म्हणतात. एक तारा देणाऱ्यांचं मात्र पोथीसारखं पारायण. एका ट्रायपॉडबद्दल कुणीतरी ‘खोका फाटका आला’ एवढंच लिहिलं होतं. ट्रायपॉड बाद. शेवटच्या रकान्याला ‘हिचं मत’ असं नाव आहे आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा आहे. ताईला कुणी विचारलंच नाही असं नव्हे. विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “अहो, कुठलाही घ्या, पण गौरींच्या आत घ्या.” हे मत कुठल्या प्रकारात नोंदवावं ते दाजींना कळलं नाही.

त्यांच्याशी बोलायला बसलं की माणूस शहाणा होऊन उठतो, हे मान्य करायला हवं. खऱ्या मॅक्रो लेन्सची खूण म्हणजे एकास एक. वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा आत सेन्सरवर पडते. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ताईची ३ सेंटिमीटरची नथ त्यात जवळजवळ काठोकाठ. ५० किंवा ६० मिलिमीटरची मॅक्रो घेतली तर दागिन्याच्या इतकं अंगावर जावं लागतं की लेन्सचीच सावली नथीवर. १०० ची घेतली तर पुढे साधारण १३-१४ सेंटिमीटर मोकळे राहतात, तिथून दिवा आत शिरवता येतो. हे सगळं दाजी मला सांगत होते तेव्हा माझ्या पानात पुरणपोळी होती आणि त्यांच्या हातात तुपाचं भांडं. “आणि एकास एकला डेप्थ किती मिळते, सांग? एफ-आठला?” मी तुपाकडे बघत होतो. “एक मिलिमीटर! फक्त एक! मोत्याचं नाक फोकसमध्ये आलं तर कान गेले!” मग तूप पडलं, ते पोळीच्या बाहेर.

या एका मिलिमीटरने त्यांची झोप उडवली आहे. ॲपर्चर बारीक करत न्यावं तर डेप्थ थोडी वाढते, पण फार बारीक केलं की डिफ्रॅक्शन येतं आणि सगळंच मऊ पडतं. म्हणून मग फोकस थोडाथोडा सरकवत एकाच ठुशीचे वीस-पंचवीस फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांचा एक करायचा. त्यासाठी लेन्स सूतभर पुढेमागे सरकवणारी रेल लागते. रेलसाठी भक्कम ट्रायपॉड लागतो. ट्रायपॉडसाठी बॉल हेड. तक्ता उजवीकडे वाढत गेला.

२०१८ साली दाजी अगदी घेण्याच्या बेताला आले होते. डीएसएलआर ठरला होता, १०० ची मॅक्रो ठरली होती, दुकानदाराशी बोलणं झालं होतं. तेवढ्यात गणपतीच्या तोंडावर निकॉन आणि कॅनन दोघांनीही आपापले बिनआरशाचे नवे कॅमेरे जाहीर केले, नव्या माउंटसकट. दाजींनी दुकानदाराला फोन करून आपलं लग्न मोडलं. पुढे १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्या दिवशी दाजींनी पेढे आणले. “थांबलो म्हणून दहा टक्के वाचले.” “कशातले?” असं भाचीने विचारलं, तर “तत्त्वाची गोष्ट आहे,” म्हणाले. तेव्हापासून न घेण्याला अर्थशास्त्राचा पाया लाभला.

भाचीची पिढी वेगळी. ती म्हणते, “बाबा, आपण फोटो इन्स्टाला टाकतो. तिथे रुंदीला १०८० पिक्सेल जातात. चौकोनी फोटो म्हणजे बारा लाखसुद्धा पिक्सेल नाहीत. तुमचे पंचेचाळीस मेगापिक्सेल घालायचे कुठे?”

“क्रॉपिंगला लागतात.”

“आणि गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट पाठवतं.”

“तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडून क्वालिटी गेली पाहिजे.”

ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, लाल-हिरवा-निळा तिन्ही २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, हे दाजींना पाठ आहे. ताई तिथे काही विकत नाही. तिचा विचारही नाही. “पण उद्या विकलंस तर?” असं विचारून दाजींनी तिला हिरव्या खणावर नथ ठेवायला मनाई केली होती. मनाई तासभर टिकली.

कॅमेरा येईपर्यंत फोन होताच. दाजींचं खरं रूप बघायला मिळालं ते त्या मण्याच्या प्रकरणात. ताईने सोनेरी मण्यांची एक मोठी माळ केली होती. दाजींनी ती खिडकीशी ठेवून, एक डोळा मिटून, श्वास रोखून फोटो काढला. झाकपाक. ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत एका बाईंचा निरोप: “ताई, माळ छान आहे. पण मण्यात काका बनियनवर दिसतायत.” फोटो मोठा करून बघितला. खरंच. प्रत्येक मण्यात एकेक दाजी. मधल्या पदकाशेजारच्या मण्यात तर दोरीवरचा टॉवेल, पंखा आणि गॅलरीतली तुळसही होती. चकचकीत गोल मणी म्हणजे बहिर्वक्र आरसाच, त्याला जवळपास अख्खी खोली दिसते. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मणी विसरत नाही.

दाजी त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात धोतराचा तंबू उभा होता. दागिना आत, दिवे बाहेर, मध्ये पांढरं कापड; म्हणजे मण्याला बघायला पांढऱ्याशिवाय काही उरत नाही. कल्पना बिनचूक. बाजारात तयार तंबू मिळतात, पण ते ‘शिवणीला उसवतात’, असं एक तारावाल्यांनी लिहिलं होतं. दाजींच्या आई चहाचा कप घेऊन तंबूपाशी थांबल्या.

“अरे, हे तुझ्या बाबांचं धोतर ना?”

“आई, डिफ्यूजन आहे ते.”

“असू दे. पण त्याला भोक कशाला पाडलंस?”

“लेन्ससाठी.”

आईंनी तंबूभोवती एक चक्कर मारली. “लेन्स कुठाय?”

या घरात हा प्रश्न इतक्या सरळपणे आजवर कुणी विचारला नव्हता. दाजींनी भोकातून फोन घातला.

त्या तंबूतला पहिला फोटो मात्र अगदीच मिळमिळीत आला. दाजी गेले, बनियन गेलं, आणि त्यांच्याबरोबर सोनंही गेलं. माळ प्लॅस्टिकची वाटायला लागली. हे का झालं ते शोधून काढायला दाजींनी तीन-चार रात्री व्हिडिओ बघितले, दीडपट वेगाने. उत्तर मिळालं. चकचकीत धातूला सगळीकडून पांढरं दाखवलं की त्याला कडाच राहत नाहीत. म्हणून बाजूला काळ्या कागदाची पट्टी उभी करायची, तिचं प्रतिबिंब धातूवर पडतं आणि गोलाई उठून दिसते. दाजी अप्पा बळवंत चौकात जाऊन काळे आणि पांढरे कार्डशीट घेऊन आले, कात्रीने पट्ट्या कापल्या, आणि दुसऱ्या पट्टीला माळ अशी झळकली की ताई पोळपाट सोडून बघायला आली. “सोन्याला जरा काळं दाखवावं लागतं,” हे दाजींचं आणखी एक वाक्य तेव्हापासून सुरू झालं. ते आता सुनांबद्दल, जावयांबद्दल आणि एकदा तर सोसायटीच्या चेअरमनबद्दलही वापरून झालं आहे.

नथ हे त्यांचं सगळ्यांत अवघड जागेचं दुखणं. मोत्याला मऊ प्रकाश लागतो, पसरलेला, ढगाळ दिवसासारखा. त्याशिवाय त्याची साय दिसत नाही. खड्याला तिखट लागतो, बारीक, एका ठिकाणाहून येणारा; त्याशिवाय तो लुकलुकत नाही. आणि नथीत मोती आणि खडा गळ्यात गळा घालून बसलेले. मोत्यासाठी बटर पेपर आडवा धरला की खडा झोपतो, खड्यासाठी टॉर्च मारला की मोत्यावर पांढरा ठिपका फुटतो. दाजींनी तोडगा काढला. मोठा दिवा बटर पेपरमागे, आणि बटर पेपरला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडून त्यातून टॉर्चची तिरीप फक्त खड्यावर. ही तिरीप धरायला माणूस लागतो. सुट्टीच्या दिवशी त्या घरी गेलं की चहाच्या आधी हातात टॉर्च येतो. “हलवू नकोस. श्वास हळू घे.” पाहुण्यांनी येणं थोडं कमी केलंय.

बाहेर गेल्यावर ह्या माणसाची दृष्टी सुटते असं नाही. लक्ष्मी रोडवर सोन्याच्या दुकानात ताई पाटल्या बघत असते आणि दाजी छत. सोन्याच्या काउंटरवर पिवळसर दिवे, हिऱ्यांच्या काउंटरवर पांढरे, हे त्यांनी लगेच हेरलं आणि वहीत टिपून घेतलं. माणूस दागिन्याकडे ढुंकूनही बघत नाही, नुसता वर बघून लिहितोय, म्हटल्यावर दुकानाचा वॉचमन त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. दाजींनी त्यालाच विचारलं, “हे केल्व्हिन किती आहेत?” लग्नात तर विचारूच नका. मंगलाष्टकं चालू असताना यांचं लक्ष फोटोग्राफरच्या सॉफ्टबॉक्सकडे. “लहान आहे. नथीवर डाग पडणार.” सावधान होऊन जातं, सगळ्यांच्या अक्षता पडून जातात, आणि मग मागून एक एकटीच मूठ येते.

आता वाचणाऱ्याला वाटेल की दाजींच्या या उद्योगाचा ताईला जाच होत असेल. होतोच. पण एकदा एका बाईंनी पैठणीवर जुळणारी नथ मागवली. फोटोत खडा डाळिंबी होता, घरी पोचला तो राणी रंगाचा. नथ परत आली, सोबत चार ओळी आल्या, त्यातली एक लागेल अशी होती. ताई गप्प झाली. दाजींनी काही समजूत वगैरे घातली नाही, ते त्यांना येत नाही. तो फोटो जिथे काढला होता तिथे जाऊन उभे राहिले. डावीकडून खिडकीतला निळसर उजेड, वरून ट्यूबलाइटचा हिरवट, मागून देवघरातल्या बल्बचा पिवळा. तीन प्रकाशांनी मिळून एका खड्याचा रंग ठरवला होता. दाजींनी ट्यूब घालवली, देवघराचा दिवा घालवला, खिडकीचा पडदा ओढला, एकच दिवा ठेवला. शर्टाच्या खिशात पेनाच्या मागे त्यांचं एक राखाडी कार्ड असतं, १८ टक्के परावर्तनाचं. ते नथीशेजारी ठेवलं आणि त्यावरून फोनला पांढरं म्हणजे काय ते शिकवलं. खडा फोटोत राणी दिसला. पण थोडा मळका. “दिवा खोटा आहे,” दाजी म्हणाले. स्वस्तातल्या एलईडीत तांबड्याचा वाटा कमी पडतो, त्यामुळे नेमके लाल खडेच मार खातात. त्यासाठी सीआरआय बघावा लागतो, ९५ च्या पुढचा.

लगेच तपकीर गल्ली. दाजींबरोबर मीही होतो.

“सीआरआय किती आहे याचा?”

“वॉर्म पाहिजे की कूल?” दुकानदार.

“५५०० केल्व्हिन. पण सीआरआय?”

“बारा वॅट.”

“सीआरआय, सीआरआय. कलर रेंडरिंग.”

दुकानदाराने खोका उलटा करून बघितला. “दोन वर्षं गॅरंटी आहे.” मग जरा थांबून, “लावायचा कुठे?”

“नथीला.”

दुकानदाराने खोका परत फळीवर ठेवला आणि मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “बोला, तुमचं काय?” आम्ही गल्ली पालथी घातली. शेवटी ९५ लिहिलेला दिवा एका कोपऱ्यातल्या दुकानात मिळाला आणि दाजींनी तो चक्क घेतला. त्याच दिवशी. किंमत न करता. परत येताना रिक्षात तो खोका त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला “सावकाश हो,” असं रिक्षावाल्याला सांगत होते. त्या दिव्याखाली राणी राणी दिसतो आणि डाळिंबी डाळिंबी. तेव्हापासून ताईच्या नथी रंगावरून परत आलेल्या नाहीत.

बातमी सोसायटीत पसरली. आता संध्याकाळी एकजण क्रोशाची तोरणं घेऊन येते, दुसरी राख्या, तिसरी उकडीचे मोदक. दाजी सगळ्यांना वेळ देतात. त्यांचा सल्ला चोख आणि झटपट असतो. “फोन अगदी जवळ नेऊ नका, वाकडं येतं. एक पाऊल मागे या आणि दोन एक्स करा. पांढऱ्या पाटावरचं काळपट येतंय ना? फोनला वाटतं फार उजेड झाला, तो कमी करतो. बोट दाबून धरा, मग वर सरकवा. टायमर लावा, हात लागून हलतं.” कुणाला कॅमेराच हवा असेल तर दोन वाक्यांत मॉडेल सांगतात. लोक जातात आणि घेऊन येतात. त्यांच्या सांगण्यावरून निम्म्या सोसायटीकडे कॅमेरे झाले. दाजींचा तक्ता चालूच.

आणि मग गेल्या पाडव्याला त्यांनी ताईसमोर एक खोका ठेवला. घरात शांतता. ताईने फीत सोडली. आत १०० ची मॅक्रो लेन्स. सेकंड हँड, पण झकास, एकास एक.

“आणि कॅमेरा?” भाचीने विचारलं.

“कॅमेरे येतात आणि जातात. लेन्स जन्माची असते. बॉडी बघतोय.”

पुण्याच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते म्हणून लेन्स हवाबंद डब्यात गेली, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. डबा पूर्वी चिवड्याचा होता. दाजी रोज सकाळी उघडून बघत. तेवढंच त्यांचं छायाचित्रण.

परवा दाजी बँकेच्या पेन्शनच्या कामाला गेले होते. ताईला एका काळ्या मोत्यांच्या नथीसाठी काहीतरी गडद आणि चकचकीत पाट हवा होता. मखमलीवर कस्पट दिसतं, अ‍ॅक्रिलिकवर बोटं उठतात. तिने चिवड्याचा डबा उघडला, लेन्स टेबलावर उभी केली, वरच्या काचेवर नथ ठेवली आणि फोनने फोटो काढला. खाली खोल काळोख, त्यात जांभळट-हिरवी झाक, वर नथ. दाजी आले तेव्हा नथ अजून काचेवरच होती. “अगं, तार आहे ती! तार! निदान यूव्ही फिल्टर तरी लावायचास!” ते मटकन खुर्चीत बसले. मग फोटो बघितला. मोठा केला. आणखी मोठा केला. “खड्यावरची तिरीप कुणी धरली?” “तुमच्या आईंनी.” दाजी काही बोलले नाहीत, फोटो स्वतःच्या फोनवर घेतला.

संध्याकाळपर्यंत त्या नथीच्या सगळ्या ऑर्डरी भरल्या. एका बाईंनी तर नथीचं राहू द्या म्हणून वेगळंच विचारलं: “ती काळी काचेची गोल ताटली फार सुंदर आहे. कुठे मिळेल?” ताईने निरोप दाजींकडे पाठवला. दाजींनी चष्मा लावून सविस्तर उत्तर लिहिलं. कंपनी, मॉडेल, फोकल लेंग्थ, माउंट, फिल्टरचा व्यास ६७ मिलिमीटर, नवीची किंमत, सेलमधली किंमत. आणि शेवटी: “फक्त नथ ठेवण्यासाठी घेत असाल तर माउंट कुठलाही चालेल.”